पोपट मेला, हे सांगायचं कोणी?

अकबर-बिरबलाची ती पोपटाची गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेलच. बादशहाचा लाडका पोपट. 'हा मेल्याची बातमी जो आणील त्याची मान उडवीन,' असं बादशहाने आधीच सांगून ठेवलेलं. एक दिवस पोपट मरतो. नोकराची बोबडी वळते, तो धावत बिरबलाकडे जातो. मग बिरबल दरबारात जाऊन सांगतो, खाविंद, पोपट आज अगदी समाधीत आहे. डोळे मिटलेले, चोच वर, पंख पसरलेले, खाणं नाही, पिणं नाही, हालचाल नाही... शेवटी बादशहाच वैतागून म्हणतो, "अरे, मग मेला म्हण की!" झालं. बातमी बादशहाच्याच तोंडून आली आणि सगळ्यांच्या माना वाचल्या.

ही गोष्ट आपण बिरबलाच्या हुशारीची म्हणून मुलांना सांगतो. मीही तेहेतीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी ऑफ तासांना सांगितली असेल. पण अलीकडे मला वाटायला लागलंय की ही गोष्ट बिरबलाची नाहीच, ती बादशहाची आहे. खरी बातमी सांगणाऱ्याची मान उडवायचा नियम कोणी केला? आणि प्रत्येक राजवाड्यात काही बिरबल नसतो. तो नसेल तिथले नोकर काय करतील? मेलेल्या पोपटासमोर रोज पेरू ठेवतील आणि वहीत लिहितील, 'आज निम्मा खाल्ला.'

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझा भाचा. पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत आहे. (कंपनीचं नाव नको, आणि त्याचंही नको, पोराची नोकरी आहे.) मागच्या महिन्यात दोन दिवस राहायला आला होता. रात्री जेवणं झाल्यावर बोलता बोलता म्हणाला, "मावशी, आमच्याकडे दर शुक्रवारी रिपोर्ट जातो. काम वेळेवर असेल तर हिरवा, थोडं घसरत असेल तर पिवळा, गाडी रुळावरून उतरली असेल तर लाल. मी तीन आठवडे पिवळा लावतोय आणि माझा मॅनेजर तो हिरवा करून पुढे पाठवतोय."

मी विचारलं, "का रे?"

"पिवळा लावला की वरून शंभर प्रश्न येतात. रोज संध्याकाळी मीटिंग लागते. मग काम करायचं कधी? तो म्हणतो, आपण भरून काढू, कशाला उगीच बोंब मारायची."

आणि म्हणे या प्रकाराला त्या लोकांत एक नावसुद्धा आहे. कलिंगड! बाहेरून हिरवंगार, कापलं की आत लाल. मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून ते आवरलं. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी केजीत आहे. तो मला खरं म्हणजे एवढंच विचारत होता की यात मी खोटेपणा करतोय का?

मी काही इंजिनिअर नाही, मॅनेजर तर नाहीच नाही. मराठी घेऊन बीए झाले, मग बीएड, आणि आयुष्यभर हायस्कूलची मुलं सांभाळली. पण माणसं एकत्र येऊन ठरलेल्या मुदतीत एखादं काम तडीला नेतात, तिथे वागावं कसं आणि बोलावं कसं, हा प्रश्न काही कॉम्प्युटरवाल्यांच्या एकट्याच्या मालकीचा नाही. लग्नघर असो की शाळेचं गॅदरिंग, मुदत आणि माणसं दोन्ही तिथेही असतातच. म्हणून या विषयावर थोडं वाचलं, थोडा विचार केला. तो इथे मांडते.

अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाल्यांची एक मोठी संस्था आहे, प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट. तिने आपल्या लोकांसाठी एक आचारसंहिता केली आहे. त्यात चार मूल्यं सांगितली आहेत : जबाबदारी, आदर, न्याय्यपणा आणि प्रामाणिकपणा. वाचून वाटलं, हे तर आपल्या परिपाठातलंच आहे. पण प्रामाणिकपणाखाली एक गोष्ट फार नेमकी आहे. खोटं बोलू नका एवढ्यावर ते थांबत नाहीत. अर्धसत्य सांगून, माहिती संदर्भ तोडून देऊन किंवा माहिती दाबून ठेवून दुसऱ्याची दिशाभूल करणं, हेसुद्धा त्यांनी त्याच रांगेत बसवलं आहे. म्हणजे पिवळ्याचा हिरवा करणं तर सोडाच, पिवळा आहे हे माहीत असून गप्प बसणंही त्यातच आलं.

हे सगळं पटतं. तरीही माझी एक तक्रार आहे. नीतीचे हे सगळे धडे बोलणाऱ्याला दिलेले असतात. खरं बोला, धीट व्हा, मागे हटू नका. ऐकणाऱ्याला कोणी धडा देत नाही. आणि माझं मत असं झालंय की टीममधल्या खरेपणाची पहिली जबाबदारी ऐकणाऱ्याची आहे, त्यातही वरच्या खुर्चीत बसून ऐकणाऱ्याची.

याचं सगळ्यांत मोठं आणि दुःखद उदाहरण म्हणजे 'चॅलेंजर'. २८ जानेवारी १९८६. अमेरिकेचं हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं आणि सातही जण गेले. त्यात क्रिस्टा मॅकॉलिफ नावाची एक शाळाशिक्षिका होती. ती अवकाशातून मुलांना पाठ देणार होती. तेव्हा मी पस्तिशीतली, वर्गावर उभी राहणारी. त्यामुळे ही बातमी मला परक्या देशातली कधी वाटलीच नाही.

पण त्या अपघाताच्या आदल्या रात्री काय झालं होतं, ते मी खूप वर्षांनी वाचलं आणि सुन्न झाले.

यानाच्या दोन्ही बाजूंना जे मोठे रॉकेट बूस्टर होते, ते तुकड्यातुकड्यांनी जोडलेले होते. त्या सांध्यांतून आतला तप्त वायू बाहेर येऊ नये म्हणून रबरी कड्या बसवलेल्या होत्या. आपल्या कुकरची रिंग असते ना, तसंच तत्त्व. थंडीत रबर ताठरतं, पटकन फुगून फट बुजवत नाही. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतल्या रॉजर बॉइजोली या इंजिनिअरने जुलै १९८५मध्येच, म्हणजे सहा महिने आधी, वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की याकडे दुर्लक्ष झालं तर भयंकर अनर्थ होईल.

२७ जानेवारीच्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार असा अंदाज होता. तेव्हा युटामधली कंपनी, अलाबामातलं नासाचं केंद्र आणि फ्लोरिडातलं उड्डाणकेंद्र अशी तीन ठिकाणची माणसं फोनवर एकत्र आली. चेहरे दिसत नव्हते, नुसते आवाज आणि फॅक्सने पाठवलेले तक्ते. इंजिनिअरांचं म्हणणं होतं, तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या (आपल्या सुमारे १२ अंश सेल्सियसच्या) खाली असेल तर उड्डाण करू नका. त्याहून थंडीत उडाल्याचा अनुभवच नव्हता. नासाच्या माणसांना हे रुचलं नाही. मग काय एप्रिलपर्यंत थांबायचं का, असा त्रागाही झाला. कंपनीने पाच मिनिटांचा वेळ मागून घेतला, आणि त्याचा झाला जवळजवळ अर्धा तास.

या अर्ध्या तासात जे घडलं ते प्रत्येक मॅनेजरने वाचावं असं आहे. बॉइजोली आणि त्याचे सहकारी आर्नी थॉम्पसन हे दोघं कागद आणि फोटो घेऊन पुन्हा पुन्हा समजावत राहिले. समोरचे ऐकत नाहीत हे दिसल्यावर थांबले. मग तिथे हजर असलेल्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्याने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. मतं घेतली गेली ती फक्त चार मॅनेजरांची. इंजिनिअरांना विचारलंच नाही. फोन पुन्हा जोडला गेला तेव्हा कंपनीचा निरोप होता, उडवा.

त्यानंतर नासाच्या अधिकाऱ्याने फोनवरच्या सगळ्यांना विचारलं की याबाबत कुणाचं वेगळं मत आहे का. कोणीही बोललं नाही.

मंडळी, ती शांतता मला ओळखीची आहे. आम्हा शिक्षकांना ती चांगलीच ठाऊक असते. तासाच्या शेवटी बाई विचारतात, "समजलं का सगळ्यांना?" वर्ग एका सुरात म्हणतो, "होSSS!" त्यात ज्यांना ओ की ठो कळलेलं नाही त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा असतो. कारण प्रश्नच असा आहे की त्याचं 'नाही' हे उत्तर द्यायला चाळीस मुलांदेखत उभं राहावं लागतं. त्या रात्रीचा प्रश्नही तसलाच. निर्णय झालेला, कंपनीचा शब्द दिलेला, आणि आता विचारतायत, कुणाला काही म्हणायचंय का?

एक माणूस मात्र अडला. कंपनीतर्फे फ्लोरिडात हजर असलेल्या ॲलन मॅक्डोनल्डने उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला. मग ती सही युटामधून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी यान उडालं तेव्हा तापमान होतं ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम २ अंश सेल्सियस.

पुढे चौकशी आयोग बसला. त्यातले शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सुनावणी चालू असतानाच त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून तो कसा ताठरतो ते सगळ्यांना दाखवलं. पण मला त्याहून धक्का दिला तो दुसऱ्या गोष्टीने. उड्डाणाचा अंतिम निर्णय ज्यांच्या हातात होता, त्यांच्यापर्यंत या रात्रभराच्या वादाची बातमी पोचलीच नव्हती! आणि फाइनमन यांनी असंही नोंदवलं की यान गमावण्याची शक्यता किती, असं विचारल्यावर काम करणारे इंजिनिअर शंभरात एक म्हणत होते आणि वरचे व्यवस्थापक लाखात एक. काळजी जिने चढता चढता हजार पटींनी हलकी झाली होती. वाटेत प्रत्येकाने थोडी थोडी साखर घातली असणार, दुसरं काय.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला हे सांगायला सोपं आहे. प्रत्येक शंकेला थांबायचं ठरवलं तर जगात एकही काम पुरं होणार नाही. मुद्दा बरोबर आहे. त्या रात्री इंजिनिअरांकडेही पक्का पुरावा नव्हता, आकडे अपुरे होते. निर्णय घेणं हा वरिष्ठाचा अधिकारच आहे, आणि कधी कधी तो शंकेसकट घ्यावा लागतो. माझी हरकत त्याला नाही. माझी हरकत दोन गोष्टींना आहे. एक, शंका ज्याच्यापर्यंत जायला हवी त्याच्यापर्यंत जाऊ न देणं. आणि दुसरी, प्रश्न उलटा करणं. एरवी विचारत की हे सुरक्षित आहे असं दाखवा. त्या रात्री विचारलं गेलं, हे धोक्याचं आहे असं सिद्ध करा. प्रश्न उलटा केला की प्रामाणिक माणसाची जीभ आपोआप लुळी पडते.

आणखी एक. आधीच्या काही उड्डाणांतही त्या कड्या जळालेल्या, झिजलेल्या आढळल्या होत्या. पण काही बिघडलं नाही म्हणून ते चालवून घेतलं गेलं. रोज मरे त्याला कोण रडे! माझ्या भाच्याच्या ऑफिसातही असंच होत असणार. पहिल्यांदा पिवळ्याचा हिरवा करताना हात थरथरला असेल. चौथ्या शुक्रवारी ती रीत झाली.

यातून धडा घेतला असेल असं तुम्हाला वाटेल. पण १ फेब्रुवारी २००३ला 'कोलंबिया' परत येताना कोसळलं, आणि कर्नालची आपली कल्पना चावला त्यात गेली. उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या सुमारास फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आपटला होता. पंखाचं किती नुकसान झालंय हे पाहायला अवकाशातल्या यानाचे फोटो मिळवावेत, अशी मागणी इंजिनिअरांनी केली. ती वर जाऊन विरली. रॉडनी रोचा नावाच्या इंजिनिअरने कळकळीचा एक ईमेल लिहिला, आणि पाठवलाच नाही. वरिष्ठांना ओलांडून जाणं त्याला प्रशस्त वाटलं नाही.

त्या अपघाताच्या अहवालात पॉवरपॉइंटच्या एका पानाचीही चिकित्सा आहे. पानाचा मथळा दिलासा देणारा. आणि खाली, बारीक अक्षरांत, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात खरी गोष्ट : हा तुकडा पूर्वीच्या चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा शेकडो पटींनी मोठा आहे, म्हणजे त्या चाचण्या इथे लागूच पडत नाहीत. कोणी खोटं बोललं का? नाही. पानावर सगळं खरंच होतं. पोपट समाधीत आहे, हेही एका अर्थी खरंच असतं...

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगते.

वरच्या माणसाने आधी आपला प्रश्न बदलावा. आमचे एक मुख्याध्यापक होते. परीक्षा असो, गॅदरिंग असो, इन्स्पेक्शन असो, ते कधीही "सगळं झालं ना?" असं विचारत नसत. "काय काय राहिलंय?" असं विचारत. आणि सर्वांत नव्या शिक्षकापासून सुरुवात करत, आपलं मत शेवटी सांगत. फरक दोन शब्दांचा, पण परिणाम फार मोठा. "काय राहिलंय?" या प्रश्नात राहिलेलं सांगायची परवानगी आधीच दिलेली असते. शाळेच्या दहा अडचणी त्यांना दहा दिवस आधी कळत, आणि आदल्या रात्री धावपळ होत नसे.

(परदेशातली मुलं रविवारी फोन करतात आणि विचारतात, "आई, सगळं ठीक ना?" आपण काय म्हणतो? "हो रे, अगदी ठीक!" आणि गुडघ्याला शेकायची पिशवी लावलेली असते. घराघरांतही हाच रिपोर्ट हिरवा जातो. असो.)

दुसरं, वाईट बातमी आणणाऱ्याला आधी मदत मिळावी, मग प्रश्न. जपानच्या टोयोटा कारखान्यात साध्या कामगारालाही दोष दिसताच दोरी ओढून गडबडीची सूचना द्यायची मुभा असे, वेळ पडली तर सगळी रांग थांबे. (हल्ली बऱ्याच ठिकाणी दोरीऐवजी बटण आलंय.) दोरी ओढली की पर्यवेक्षक येतो तो काय अडलंय ते बघायला. आपल्या रेल्वेच्या डब्यात साखळी असते आणि खाली दंडाची पाटी असते. बऱ्याच ऑफिसांत फक्त पाटी असते, साखळी नसतेच.

तिसरं, अपयश आलं तर पुढे उभं कोण राहतं, हे सगळी टीम बघत असते. १० ऑगस्ट १९७९ला आपलं पहिलं एसएलव्ही-३ रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालं आणि बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि त्यांनी जबाबदारी आपल्या अंगावर घेतली. पुढच्या वर्षी १८ जुलै १९८०ला उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवलं. ही आठवण कलामांनी स्वतः कितीतरी भाषणांत सांगितली आहे. मला यात मोठ्या मनाच्याही पलीकडचं एक व्यवहारज्ञान दिसतं. असा वरिष्ठ असेल तर दोष लपवायची गरज कोणाला आणि कशाला वाटेल?

आणि खालच्या माणसाने काय करावं? भाच्याला मी हुतात्मा व्हायला सांगितलं नाही. मॅक्डोनल्डने चौकशी आयोगापुढे खरं सांगितलं, तर कंपनीने त्याला पदावरून खाली आणलं. संसदेतून दबाव आला तेव्हा त्याची जागा त्याला परत मिळाली, आणि पुढे त्या सांध्याची नवी रचना करायचं काम त्याच्याचकडे आलं. प्रत्येकासाठी काही संसद धावून येत नाही, हे मलाही कळतं. म्हणून साध्या गोष्टी सांगितल्या. जे दिसतंय ते वेळेत सांग, उशिरा सांगितलेलं खरं निम्मं वाया जातं. चिडून नको, आकड्यांनिशी सांग. तोंडी सांगितलंस तरी दोन ओळी लिहून पाठव. मॅनेजरच्या पाठीमागे नको, त्याच्याच हातात दे, आणि सोबत एक उपायही सुचव. आणि तुझा पिवळा तू पिवळाच लाव. पुढे कोणी रंगवला तर तो ब्रश त्याच्या हातात आहे, तुझ्या नाही. त्याने भागलं नाही आणि नुकसान कुणाच्या जिवाशी किंवा कष्टाच्या पैशाशी येणार असेल, तर मात्र एक पायरी वर जावंच लागेल. तिथे हप्त्यांचा विचार मागे पडतो. हे सांगताना मलाही जड गेलं, पण दुसरं उत्तर मला सापडलं नाही.

हे वाचणाऱ्यांत माझे भाचे-पुतणे, जुने विद्यार्थी असे बरेच जण आता स्वतःच कुणाचे ना कुणाचे साहेब झाले आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं. येत्या सोमवारच्या मीटिंगला "सगळं ठीक ना?" असं विचारू नका. "काय अडलंय?" असं विचारा, आणि मग थोडा वेळ गप्प बसा. पहिला अर्धा मिनिट कोणी बोलणार नाही. तो अर्धा मिनिट निभवायचा, घड्याळाकडे बघायचं नाही. वर्गातसुद्धा पहिला हात वर यायला तेवढा वेळ लागतोच. आणि तो हात वर आला की त्या पोराला आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणा. पुढचे हात त्या एका वाक्यावर अवलंबून असतात.